शेवटच्या नळाला क्लोरीन पोचतो का? कोकणातल्या गावच्या नळपाणी योजनेचं शुद्धीकरण, टप्प्याटप्प्याने

ग्रामपंचायतीच्या वहीत रोज ‘टीसीएल (म्हणजे ब्लीचिंग पावडर) टाकले’ अशी नोंद असते, आणि तरी भर पावसात एखाद्या वाडीत काविळीचे नाहीतर गॅस्ट्रोचे रुग्ण निघतात. नोंद खोटीच असते असं नाही. टीसीएल टाकीत पडलेलं असतं, फक्त त्यातला क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचलेला नसतो. आयएस १०५००:२०१२ या मानकानुसार क्लोरीन मोजायचा तो ग्राहकाच्या नळाला. तिथे तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५, आणि १ मिलिग्रॅमच्या वर नको. म्हणजे योजना विहिरीपासून सुरू होत असली तरी तिची परीक्षा सगळ्यात लांबच्या वाडीत होते.

पुढची माहिती कोकणातल्या नेहमीच्या योजनेसाठी आहे: पऱ्याकाठची (ओढ्याकाठची) विहीर किंवा नदीतली जॅकवेल (पात्रात बांधलेली विहीर), तिथून पंपाने सड्यावरच्या (जांभ्याच्या उंच पठारावरच्या) टाकीत पाणी, आणि टाकीतून उताराने चार-सहा वाड्यांना. जलसुरक्षक, पंप चालवणारा, ग्रामपंचायत अधिकारी आणि पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, या सगळ्यांच्या उपयोगाची.

आधी कागदाचं

ग्रामपंचायतीला तीन गोष्टींचा हिशेब द्यावा लागतो. पहिली, स्वच्छता सर्वेक्षण. ते पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असं वर्षातून दोनदा होतं, आणि जोखमीप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. दुसरी, पाण्याचे नमुने. जलजीवन मिशनच्या नियमाने उद्भवाची (जिथून पाणी घेतो त्या विहिरीची, झऱ्याची किंवा नदीची) रासायनिक तपासणी वर्षातून किमान एकदा आणि जैविक तपासणी दोनदा व्हायला हवी. शिवाय फील्ड टेस्ट किट वापरायचं प्रशिक्षण गावातल्या पाच महिलांना द्यायचं असतं. तिसरी, टीसीएलचा साठा आणि रोजची क्लोरीन तपासणी यांच्या वह्या.

वही खरी आहे की नाही हे साध्या भागाकाराने कळतं. रोज ४०० ग्रॅम टीसीएल लागत असेल तर २५ किलोची गोणी दोन महिन्यांत संपली पाहिजे. गोणी सहा महिने पुरली असेल तर रोजच्या नोंदींवर विश्वास ठेवू नका. सरपंचांनी आणि समितीने दर महिन्याला एवढं एक गणित केलं तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात.

उद्भव: जांभ्यातून पाणी गाळून येत नाही

जांभा दगड सच्छिद्र आणि भेगाळ असतो. मातीतून मुरताना पाणी जसं गाळलं जातं तसं जांभ्याच्या भेगांतून जाताना गाळलं जात नाही. वरच्या अंगाच्या शौचालयाच्या शोषखड्ड्यातलं पाणी जोरदार पावसात फार लवकर विहिरीत उतरू शकतं. ‘खड्डा ५० फुटांवर आहे, म्हणजे धोका नाही’ हा हिशेब सड्यावर चालत नाही. अंतराइतकाच उतार बघा. विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा, गोठा, शेणकी किंवा कपडे धुण्याची जागा असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा.

विहिरीला जमिनीच्या वर पक्का कठडा, भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा ओटा, सांडपाणी वाहून नेणारं गटार आणि वर जाळी हवी. कठडा आणि ओटा यांच्या सांध्यात चीर पडलेली असते तिकडे सहसा लक्ष जात नाही. पावसाळ्यात ओट्यावरचं पाणी त्याच चिरेतून आत जातं. झऱ्याच्या पाण्यावर योजना असेल तर झऱ्याच्या वर ८-१० मीटरवर आडवा चर मारून पावसाचं पाणी बाजूला वळवा, झऱ्याची पेटी झाकणबंद ठेवा आणि गुरं येणार नाहीत असं कुंपण घाला.

सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत कोणी नवी विहीर किंवा बोअर घेत असेल तर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याचा आधार घेता येतो. ही हरकत वेळेवर, लेखी घ्या. बोअर मारून झाल्यावर ती घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

टीसीएल: घेणं आणि ठेवणं

ताज्या चांगल्या पावडरीत क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नाही. कोकणातली दमट हवा तिला फार लवकर मारते, म्हणून आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) खरेदीबरोबर टीसीएलही चार महिन्यांचं भरून ठेवायची सवय सोडा. दोन महिन्यांपुरतंच घ्या, आयएस १०६५ खूण आणि उत्पादनाची तारीख बघून घ्या, आणि साठ्यातला नमुना आरोग्य विभागामार्फत तपासून घ्या.

पोतं आणल्याबरोबर पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पिंपात काढा. पिंप फळीवर, भिंतीपासून लांब, अंधाऱ्या कोरड्या खोलीत ठेवा. त्या खोलीत डिझेल, खत, ॲसिड यांपैकी काही नको. लोखंडी डबा गंजतो आणि पावडरही खराब होते. जुनी पावडर आधी संपवा. पावडर ओलसर ढेकळांची झाली आणि तिचा तिखट वास गेला असेल तर त्यात मुख्यतः चुनाच उरला आहे असं समजा.

मात्रा: चार बादल्यांची चाचणी

‘हजार लिटरला ५ ग्रॅम’ हा ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो. सुरुवातीला तो ठीक आहे, पण पाणी बदललं की मात्रा बदलते. पाण्यातला गाळ, सेंद्रिय घाण आणि विरघळलेलं लोह आधी क्लोरीन खातात, आणि उरेल तेवढाच जंतूंवर काम करतो. १ मिलिग्रॅम लोह सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन खातं. जांभ्याच्या भागात लोहाचं पाणी सर्रास आढळतं: विहिरीतून काढताना स्वच्छ दिसतं आणि घागरीत तासभर राहिलं की तांबूस होतं. तेव्हा मात्रा मोजूनच ठरवा.

एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम टीसीएल (२५ टक्के धरून) नीट कालवा आणि गाळ खाली बसू द्या. वरच्या निवळीत १ टक्का क्लोरीन असतो, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. आता चार स्वच्छ प्लास्टिकच्या बादल्यांत टीसीएल न घातलेलं, उद्भवाचं २०-२० लिटर पाणी घ्या. औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने पहिलीत २, दुसरीत ४, तिसरीत ६ आणि चौथीत ८ मिलिलिटर निवळी घाला. मात्रा अनुक्रमे १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅम प्रतिलिटर होते. ढवळा, झाका आणि अर्धा तास थांबा. मग प्रत्येक बादलीतला उरलेला क्लोरीन ओटी टेस्टने तपासा (तिची रीत पुढे दिली आहे). ज्या सगळ्यात कमी मात्रेत ०.५ ते १ उरतो, ती तुमची आजची मात्रा.

टाकीत किती पावडर पडेल त्याचं सूत्र:

पावडर (ग्रॅम) = पाणी (लिटर) × मात्रा ÷ (पावडरीतल्या क्लोरीनची टक्केवारी × १०)

५०,००० लिटरची टाकी, मात्रा २ आणि पावडर २५ टक्क्यांची असेल तर ५०,००० × २ ÷ २५० = ४०० ग्रॅम. जुलैत मात्रा ३ वर गेली की ६०० ग्रॅम. गोल विहीर किंवा टाकी असेल तर लिटर काढायला व्यासाचा वर्ग × पाण्याची खोली × ७८५ करा, मापं मीटरमध्ये घेऊन. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी म्हणजे ३७,६८० लिटर.

ही चाचणी महिन्यातून एकदा करा. पहिला मोठा पाऊस पडल्यावर, पुरानंतर आणि नवी गोणी उघडल्यावरही करा. पाणी तेच असताना मात्रा अचानक वाढली तर पावडर तपासायला पाठवा.

टाकीत घालायची रीत

कोरडी पावडर टाकीत ओतू नका, आणि पुरचुंडी बांधून तर सोडूच नका. पुरचुंडीभोवतीचं पाणी भडक होतं, बाकीचं तसंच राहतं. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडरीची पेस्ट करा, ढेकळं मोडा, मग पाणी वाढवत न्या. ४०० ग्रॅमला किमान १० लिटर पाणी घ्या. अर्धा तास ठेवून निवळी दुसऱ्या बादलीत काढा. तळाचा चुना टाकीत जाऊ देऊ नका. त्याने टाकीत गाळ साचतो आणि पाणी पांढुरकं होतं. हातमोजे घाला, नाकातोंडाला रुमाल बांधा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.

निवळी टाकीत पाणी पडतं त्या तोंडाशी, पाणी येत असतानाच गेली पाहिजे, म्हणजे ढवळायचं काम पाणीच करतं. उत्तम सोय म्हणजे टाकीवर नळ लावलेली २० लिटरची प्लास्टिकची टाकी. पंपाला टाकी भरायला दोन तास लागत असतील तर २० लिटर निवळी १२० मिनिटांत संपायला हवी, म्हणजे मिनिटाला सुमारे १६५ मिलिलिटर. मापाच्या पेल्यात एक मिनिट धरून नळ तेवढा उघडा. बारीक नळीत चुना साचतो आणि धार बंद होते, म्हणून आठवड्याला नळी काढून धुवा किंवा बदला. ती धुवायला टीसीएलजवळ ॲसिड मात्र आणू नका, विषारी वायू सुटतो.

टाकी भरल्यानंतर किमान अर्धा तास व्हॉल्व्ह उघडायचा नाही. सकाळी सहाला पाणी सोडायचं असेल तर टाकी साडेपाचच्या आत भरलेली हवी. वीज रात्रभर गेली, पंप पहाटे उशिरा सुरू झाला आणि लोक नळाशी उभे आहेत, अशा वेळी हा अर्धा तास हमखास गिळला जातो. शक्य असेल तिथे संध्याकाळीच टाकी भरून ठेवायचं वेळापत्रक लावा.

गणपतीत चाकरमानी आले की दिवसातून एकाऐवजी दोनदा टाकी भरावी लागते, आणि दुसऱ्या खेपेला टीसीएल विसरलं जातं. मात्रा दिवसाला नसते, खेपेला असते. शिमग्याला आणि मे महिन्यातही तेच.

ओटी टेस्ट, आणि ती फसवते तेव्हा

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिनचं द्रावण, क्लोरीन असेल तर ते पिवळा रंग देतं. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, ट्यूब त्याच पाण्याने विसळून खुणेपर्यंत भरा, सांगितलेले थेंब टाका आणि रंग लगेच जुळवा. थांबून वाचलं तर संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला) क्लोरीनही रंग दाखवतो आणि आकडा उगाच वर जातो. द्रावणाच्या बाटलीवरची मुदत बघा. ते हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी ओतून टाका.

कोकणात एक खास घोळ होतो. पाण्यातलं लोह आणि मँगनीज ओटीला पिवळा रंग देऊ शकतात, म्हणजे क्लोरीन शून्य असतानाही ट्यूब पिवळी दिसते. पडताळा सोपा आहे: टीसीएल न घातलेल्या, उद्भवाच्या पाण्यावर तीच टेस्ट करा. तेही पिवळं झालं तर तुमच्या ओटीवर भरवसा ठेवता येणार नाही. अशा गावाने गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी किंवा पावडर वापरावी. जास्तीचा खर्च करण्यासारखा आहे.

रोज तपासायच्या जागा ठरवून ठेवा: टाकीजवळचं पहिलं घर, शाळा किंवा अंगणवाडी, आणि प्रत्येक फाट्यावरचं शेवटचं घर. शेवटची घरं आलटून पालटून घेतली तरी चालतील, पण आठवड्यात एकही फाटा सुटता कामा नये. वहीत ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहू नका, ०.२, ०.५ असा आकडा, घर आणि वेळ लिहा.

पहिल्या घराला वास, शेवटच्याला शून्य

सड्यावरून खाली येणाऱ्या लांब लाइनीचं हे नेहमीचं दुखणं. वरच्या वाडीतून ‘औषधाचा वास येतो’ अशी तक्रार आली की पंपवाला मात्रा कमी करतो आणि खालची वाडी उघडी पडते. मात्रा कमीही करू नका, सरसकट वाढवूही नका. आधी क्लोरीन वाटेत कुठे संपतो ते शोधा. लाइनीच्या कडेने प्रत्येक फाट्यावर टेस्ट घेत खाली जा. आकडा जिथे एकदम पडतो त्या दोन जागांच्या मधे काहीतरी आहे.

बहुतेक वेळा तिथे यांपैकी एक सापडतं. पऱ्या ओलांडणाऱ्या किंवा गटारातून गेलेल्या पाइपाचा गळका जॉइंट. पाणी चालू असताना तो बाहेर गळतो, आणि पुरवठा थांबला की पाइपात पोकळी होऊन गटाराचं पाणी आत ओढतो. पावसाने भरलेला व्हॉल्व्हचा चेंबर, ज्यात व्हॉल्व्ह बुडालेला असतो आणि त्याची पॅकिंग झिजलेली असते. गंजलेली जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन. जांभ्याचं पाणी बऱ्याचदा मऊ आणि पीएच ६.५ च्या खाली असतं, ते लोखंड खातं आणि गंज क्लोरीन खातो. कोणीतरी परस्पर घेतलेली नळजोडणी. किंवा नुसता टोक बंद असलेला, पाणी न हलणारा लाइनीचा शेवटचा तुकडा. तिथे वॉशआउट (साचलेलं पाणी आणि गाळ बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह) बसवून आठवड्याला पाच-दहा मिनिटं पाणी सोडावं.

चेंबरचं पाणी उपसून तळाला निचऱ्याची सोय करा आणि कडा जमिनीच्या वर उचला. गटारातली लाइन बाहेर काढा; तोपर्यंत जीआय पाइपावर अखंड मोठा पाइप चढवा. लाइन दुरुस्त असूनही शेवटचा आकडा येत नसेल तर खालच्या वाडीच्या साठवण टाकीवर थोडी निवळी पुन्हा द्यायची सोय करा. वरच्यांना जास्त पाजून खालच्यांना पोचवणं हा उपाय नव्हे.

गढूळ आणि खारं पाणी

गढूळपणा १ एनटीयूपर्यंत हवा, दुसरा उद्भव नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. त्यापुढे क्लोरीनवर भिस्त ठेवता येत नाही, कारण जंतू मातीच्या कणांआड वाचतात. तुरटी घालायची तर बादलीत मात्रा काढूनच. कोकणातल्या मऊ पाण्यात नुसत्या तुरटीने गाळ धरत नाही. १ मिलिग्रॅम तुरटी सुमारे ०.५ मिलिग्रॅम क्षारता खाते, आणि ती इथल्या पाण्यात मुळातच कमी असते. पीएच घसरतो आणि गाळ तरंगत राहतो. थोडी चुन्याची निवळी दिली की गोळे बसायला लागतात. क्रम पाळा: आधी तुरटी, मग निवळणं, शेवटी टीसीएल. लोहाच्या पाण्यासाठी टाकीच्या आधी पायऱ्यांवरून पाणी पाडून हवा खेळवली आणि गाळ बसू दिला तर टीसीएल वाचतं.

खाडीकाठच्या विहिरींचं वेगळं. क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत हवा, पर्याय नसेल तर १००० पर्यंत. उकळून, गाळून किंवा टीसीएल घालून खारटपणा जात नाही. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला, भरतीच्या एकाच टप्प्यावर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजा. आकडा चढायला लागला की सलग चार तास उपसण्याऐवजी तास-तास थांबून उपसा करा. पंप एकसारखा चालला की खालचं खारं पाणी वर चढतं, आणि ते पुन्हा खाली बसायला पावसाळा जावा लागतो.

टाकी धुणं

मेच्या शेवटी आणि पावसाळा ओसरल्यावर. टाकी रिकामी करा, गाळ वॉशआउटने काढा, भिंती ब्रशने घासा. २० लिटर पाण्यात २५ टक्क्यांचं १६ ग्रॅम टीसीएल घातलं की २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरचं द्रावण होतं. ते भिंतींना आणि तळाला लावून अर्धा तास ठेवा, मग धुऊन पहिलं पाणी सोडून द्या. आत एकटा माणूस कधीही उतरवू नका, झाकण उघडून हवा खेळू द्या आणि टीसीएल लावताना वर कोणीतरी उभा हवाच. विहीर उपसायला इंजिनचा पंप विहिरीत उतरवायचा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने माणूस आत जागीच जातो. जाताना ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडाची जाळी बघा. पाली, पाखरं आत जातात ती बहुतेक तिथूनच.

नमुना घेताना, आणि तो दूषित आला तर

जैविक नमुन्याची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. तिच्यात क्लोरीन मारणारं थायोसल्फेट असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळाचं तोंड पुसा, शक्य असेल तर ज्योतीने तापवा, पाणी दोन-तीन मिनिटं सोडा, आणि बुचाला आतून हात न लावता भरा. वर थोडी जागा ठेवा. बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी पोचवा, २४ तासांच्या पुढचा नमुना निरुपयोगी. रासायनिक नमुन्याचा कॅन मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळायचा. नमुना घेताना तिथला क्लोरीन मोजून कागदावर लिहा. अहवाल दूषित आला तर हाच आकडा सांगतो की टीसीएल कमी पडलं की लाइनीत वाटेत काही शिरलं.

१०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय सापडलाच नाही पाहिजे. सापडला तर दुसऱ्या अहवालाची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी दवंडी, वाडीप्रमुखांचे फोन आणि गावचे व्हॉट्सॲप ग्रुप यांवरून कळवा: पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. आरोग्य उपकेंद्राला लेखी कळवा. बादली चाचणी करून मात्रा वाढवा आणि शेवटच्या नळाला ०.५ येईपर्यंत वॉशआउट उघडे ठेवून लाइन धुवा. वर सांगितल्याप्रमाणे गळती शोधून दुरुस्त करा. मग उद्भव, टाकी आणि शेवटचा नळ असे तीन नमुने एकाच दिवशी पाठवा. उद्भव दूषित आणि नळ स्वच्छ असेल तर टीसीएलने काम केलं, पण विहिरीकडे लक्ष द्या. उद्भव आणि टाकी स्वच्छ आणि नळ दूषित असेल तर खोदकामाची तयारी करा. लागोपाठ दोन वेळा, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले नमुने स्वच्छ आल्यावरच उकळण्याची सूचना मागे घ्या, आणि ज्या मार्गांनी ती दिली होती त्याच सगळ्या मार्गांनी.